दोन रोधक की दोनशे ओहम?

प्रयोगाच्या इंग्रजी पुस्तकात पुढील सूचना आहे अशी कल्पना करा : 'कनेक्ट टू हंड्रेड-ओहम रेझिस्टर्स इन सीरीज.' आता तीच सूचना अशी वाचा : 'कनेक्ट टू-हंड्रेड-ओहम रेझिस्टर्स इन सीरीज.' शब्द तेच, क्रमही तोच. फरक आहे तो एका आडव्या रेघेचा. पण पहिल्या सूचनेप्रमाणे १०० ओहमचे दोन रोधक घ्यावयाचे आहेत. दुसरीत प्रत्येक रोधक २०० ओहमचा आहे आणि ते किती घ्यावेत हे सांगितलेलेच नाही! समजा, दोन घेतले व ६ व्होल्टची बॅटरी लावली. पहिल्या मंडलात एकूण रोध २०० ओहम, म्हणून प्रवाह ३० मिलिअँपिअर. दुसऱ्यात रोध ४०० ओहम, म्हणून प्रवाह १५ मिलिअँपिअर. म्हणजे बरोबर निम्मा.

या रेघेला संयोगचिन्ह म्हणतात. दोन किंवा अधिक शब्द मिळून एकाच विशेषणाचे काम करू लागले, की सामासिक विशेषण तयार होते. मराठीत असे शब्द आपण सरळ जोडून टाकतो : तीनमजली इमारत, पंचकोनी आकृती. इंग्रजीत ते पुष्कळदा सुटेच राहतात. मग कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे हे कळावे कसे? त्यासाठी ही रेघ. 'हेवी-मेटल डिटेक्टर' म्हणजे शिसे, पारा यांसारखे जड धातू शोधणारे उपकरण. रेघ पुसली, तर धातू शोधणारे, पण स्वतःच वजनदार असलेले उपकरण, असाही अर्थ निघतो.

नियम थोडेच आहेत. पहिला, विशेषण नामाच्या आधी आले तर रेघ द्यावी : 'अ वेल-नोन लॉ'. नामानंतर आले तर बहुधा देऊ नये : 'द लॉ इज वेल नोन'. तेथे पुढे नामच नसल्याने घोटाळा होत नाही.

दुसरा, संख्येला जोडलेले एकक एकवचनी ठेवावे. 'अ टेन-मीटर वायर' बरोबर, 'टेन-मीटर्स वायर' चूक. कारण इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसते. मात्र 'द वायर इज टेन मीटर्स लाँग' येथे मीटर हे नाम आहे, म्हणून अनेकवचन योग्य.

तिसरा, शेवटी 'ली' असलेल्या क्रियाविशेषणानंतर रेघ नको : 'अ हायली पॉलिश्ड मिरर'. आपण पुढच्या शब्दाशी बांधलेलो आहोत, हे तो 'ली' स्वतःच सांगतो.

चौथा नियम खास विज्ञानाचा. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीनुसार, एककाचे नाव अक्षरांत लिहिले तर व्याकरणाचा हा नियम लागू होतो. पण अंकापुढे एककाचे चिन्ह लिहिले, तर दोहोंमध्ये रेघ न देता मोकळी जागा सोडावी. मग तो मजकूर विशेषण म्हणून आलेला असला तरीही. प्रयोगवही लिहिताना हे अवश्य पाळा.

आता एक कोडे. 'ट्वेंटी फोर आवर पीरियड्स' हे शब्द रेघांविना लिहिले आहेत. रेघांच्या जागा बदलून त्यांचे तीन अर्थ होतात. एकात एकूण ८० तास भरतात, दुसऱ्यात २४, आणि तिसऱ्यात एकूण तास सांगताच येत नाहीत. तिन्ही ठिकाणी रेघा कोठे द्याव्या लागतील, ते वहीत लिहून पाहा आणि आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा.