मतांनी निवडलेला न्यायाधीश

मुलांनो, आपल्या गावात सरपंच निवडून येतो. शहरात नगरसेवक निवडून येतो. पण न्यायाधीश निवडून आल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? आपल्याकडे न्यायाधीशाची नेमणूक होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मात्र लहान कोर्टाचा न्यायाधीश लोकच मत देऊन निवडतात. त्याला ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणतात. तुमच्या उर्दूतला ‘मुन्सिफ’ शब्द जुन्या मराठीत ‘मुनसफ’ झाला. या न्यायाधीशाला आपण गावचा मुनसफ म्हणू या.

हे पद मूळचे इंग्लंडचे. तेथे १३६१ साली त्याविषयी कायदा झाला. इंग्रजांनी ते मुंबईतही आणले. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हे मुंबईचे नामवंत ‘जस्टिस’ होते. पण त्यांना सरकारने नेमले होते, लोकांनी निवडले नव्हते.

टेक्सासमध्ये प्रत्येक जिल्ह्याचे प्रभाग पाडतात. प्रभागातील मतदार आपला मुनसफ चार वर्षांसाठी निवडतात. मार्च महिन्यात मोठे पक्ष मतदान घेऊन आपापला उमेदवार ठरवतात. नोव्हेंबरमध्ये खरी निवडणूक होते. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचेही नाव असते. २०१८ च्या निवडणुकीपर्यंत एकाच खुणेने पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येई. मग मुनसफाचे नाव कोण वाचणार? २०२० पासून ही सोय बंद झाली.

या कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचे पैशांचे दावे चालतात. ज्या गुन्ह्यांना फक्त दंडाची शिक्षा आहे, असे लहान खटलेही येथेच येतात. हाच मुनसफ लग्ने लावतो. भाडेकरूला घराबाहेर काढावे की नाही, हेही तोच ठरवतो. कोर्ट लहान खरे. पण ज्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येणार, त्याच्यासाठी त्याहून मोठे कोर्ट कोणते?

आता एक नवल ऐका. या पदासाठी वकिलीची पदवी लागत नाही! निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. मला हे थोडे वाटते. वर्गात शिकवण्यासाठी आम्हाला याहून जास्त शिकावे लागते. पूर्वी तर एवढेही नव्हते. लँगट्री गावचा रॉय बीन १८८२ साली मुनसफ झाला. तो आपल्या दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवी. त्याच्याविषयी खऱ्याखोट्या पुष्कळ गोष्टी सांगतात. १८९६ च्या निवडणुकीत मात्र तो हरला.

तुम्ही विचाराल, “ज्यांनी मते दिली, त्यांच्याच बाजूने तो निकाल देणार नाही का?” ही शंका योग्य आहे. समजा, घरमालक त्याच्या प्रचारात फिरला आणि पुढे त्याचाच भाडेकरू कोर्टात उभा राहिला, तर? म्हणून काही बंधने घातली आहेत. ‘अमुक खटल्यात असा निकाल देईन’ असे वचन उमेदवाराला प्रचारात देता येत नाही. पक्षकाराने मागणी केली, तर सहा सामान्य नागरिक बसतात आणि खरे-खोटे ठरवतात. एवढे करूनही निकाल पटला नाही, तर बहुतेक दाव्यांत मुदतीच्या आत जिल्ह्याच्या वरच्या कोर्टात जाता येते. तेथे खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो. साक्षीदारही पुन्हा बोलावतात.