काचेमागचा साक्षीदार

पडद्यावरची रहस्यं : लेखांक नववा

रोममधली रात्र. रस्ता सामसूम. एक अमेरिकन लेखक पायी घरी निघालेला. पलीकडच्या कलादालनात दिवे लख्ख जळताहेत आणि दर्शनी काचेतून आतली झटापट दिसते आहे. काळ्या कपड्यातला एक माणूस, एक बाई आणि दोघांच्या मध्ये सुरा. लेखक धावत रस्ता ओलांडतो. बाहेरचं काचेचं दार त्याला आत घेतं, पण आतलं दार उघडत नाही, आणि तेवढ्यात मागचंही बंद होतं. दोन काचांच्या मध्ये तो कोंडला जातो. समोर बाई रक्ताळलेल्या अवस्थेत फरशीवर सरपटत मदत मागते आहे. तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्याचा आवाज रस्त्यावरच्या वाटसरूपर्यंत जात नाही. दिसतं आहे सगळं, करता काहीच येत नाही.

१९७० साली आलेल्या 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज' या चित्रपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. 'जाल्लो' नावाचा इटालियन चित्रप्रकार समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी, कारण पुढे जे काही भलं आणि बुरं झालं त्याचं बीज या काचेच्या पिंजऱ्यात आहे.

आधी नावाविषयी. इटालियन भाषेत जाल्लो म्हणजे पिवळा. मराठीत 'पिवळं पुस्तक' म्हटलं की जे मनात येतं त्याच्याशी या पिवळ्याचा काही संबंध नाही. मिलानच्या मोन्दादोरी प्रकाशनाने १९२९ साली रहस्यकथांची एक माला सुरू केली आणि तिला पिवळी वेष्टणं दिली. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांची कादंबरी त्यात पहिली आली. पुढे अगाथा ख्रिस्ती, एडगर वॉलेस असे इंग्रजीतले नामवंत अनुवादित होऊन आले. ही माला इतकी रुजली की रहस्यकथेलाच लोक 'जाल्लो' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुसोलिनीच्या राजवटीने असल्या पुस्तकांवर बंदी घातली, तरी शब्द टिकला. आजही इटलीत कुठलीही रहस्यकथा जाल्लोच. बाहेरच्या जगात मात्र हा शब्द साधारण १९६३ ते १९८२ या काळातल्या विशिष्ट घाटाच्या इटालियन चित्रपटांसाठी वापरला जातो, आणि या लेखातही तोच अर्थ आहे.

त्या घाटाचा पाया घातला मारिओ बावा यांनी. बावांचे वडीलही चित्रपटांत छायालेखनाचं आणि युक्तिदृश्यांचं काम करत; मुलानेही आधी कॅमेरा हाताळला आणि बऱ्याच उशिरा दिग्दर्शन केलं. १९६३च्या त्यांच्या 'द गर्ल हू न्यू टू मच'ची नायिका रोमला येणाऱ्या विमानात खुनाची कादंबरी वाचत असते आणि शहरात पोचल्यावर खरोखरच्या खुनाची साक्षीदार होते. आपण जे पाहिलं ते नेमकं काय होतं, हे तिला शेवटपर्यंत उमगत नाही. परक्या शहरातला पाहुणा आणि त्याची अर्धवट साक्ष, ही जोडी इथे पहिल्यांदा जमली. पण हा चित्रपट कृष्णधवल होता. रंग आला पुढच्या वर्षी, 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये.

त्या चित्रपटात एका फॅशनगृहातल्या मॉडेल मुलींचे एकामागून एक खून पडतात. खुनी काळा कोट, काळी टोपी आणि काळे हातमोजे घालतो आणि चेहऱ्यावर कोरं पांढुरकं कापड ओढून घेतो. गोष्ट एका डायरीभोवती फिरते. डायरीत काय होतं हे पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. आठवतो तो जुन्या सामानाच्या दुकानातला प्रकाश. हिरवा, जांभळा, लाल, मध्येच पिवळा. हे रंग कुठल्या दिव्यातून येतात याचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही आणि प्रेक्षकाला ते विचारावंसंही वाटत नाही. पैशाची एवढी टंचाई होती की कॅमेरा सरकवायला लहान मुलांची खेळण्यातली गाडी वापरली, अशी आठवण त्यातले नट कॅमेरॉन मिशेल यांनी सांगून ठेवली आहे. पडद्यावर मात्र कॅमेरा रेशमावरून घसरावा तसा पुतळ्यांमधून फिरतो. दारिद्र्यातून उभी केलेली ती श्रीमंती आजही थक्क करते.

बावांचे हे दोन्ही प्रयोग इटलीत फारसे चालले नाहीत. लाट आली ती आर्जेन्तोंच्या पहिल्या चित्रपटानंतर. आर्जेन्तो मूळचे रोमच्या 'पाएजे सेरा' या दैनिकाचे चित्रपट समीक्षक. सेर्जो लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या कथेवर त्यांनी बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांच्या बरोबरीने काम केलं होतं. पहिल्याच चित्रपटासाठी त्यांना छायालेखक मिळाले व्हित्तोरिओ स्तोरारो आणि संगीतकार एन्निओ मोरिकोने. कथेचा गाभा फ्रेडरिक ब्राउन यांच्या १९४९च्या कादंबरीतून उचललेला होता आणि श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख नव्हता. ही उणीव नोंदवायलाच हवी. जर्मन भांडवल त्यात होतंच. एडगर वॉलेस यांच्या रहस्यकथांवरचे जर्मन चित्रपट आपण गेल्या लेखांकात पाहिले; त्यांच्याच प्रेक्षकासाठी हा चित्रपट तिकडे ब्रायन एडगर वॉलेस या नावाखाली खपवला गेला.

इथून पुढे दोन चित्रपटांची रहस्यं फोडावी लागणार आहेत. ज्यांना ते कोरे बघायचे आहेत त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

काचेमागच्या त्या लेखकाला वाटतं की काळ्या कपड्यातला पुरुष बाईवर हल्ला करत होता. पोलिसांना तो तसंच सांगतो, पण काहीतरी खटकत राहतं. तोच प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे पुनःपुन्हा येतो आणि आपणही तो दर वेळी नव्याने पाहतो. शेवटी कळतं की सुरा बाईच्या हातात होता आणि पुरुष तो हिसकावून घेत होता. दिग्दर्शकाने काही लपवलं नव्हतं. बाई म्हणजे बळी, हे गृहीतक त्या लेखकाने आणि आपण पदरचं घातलं होतं.

'डीप रेड' (१९७५) हे याच युक्तीचं सर्वोच्च शिखर. इंग्रज पियानोवादक मार्कस रात्री चौकातून एका खिडकीत खून होताना पाहतो, धावत वर जातो, चित्रांनी भरलेल्या बोळकांडीतून पुढे सरकतो. नंतर त्याला सतत वाटत राहतं की तिथलं एक चित्र नाहीसं झालं आहे. चित्र नव्हतंच, तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा होता. तो चेहरा कॅमेऱ्याने आपल्यालाही दाखवलेला असतो. पुन्हा मागे जाऊन पाहिलं की तो दिसतो, आणि अंगावर काटा येतो तो आपल्याच डोळ्यांच्या नालायकीने. मार्कसची भूमिका डेव्हिड हेमिंग्ज यांना देण्यातही अर्थ आहे. अन्तोनिओनींच्या 'ब्लो-अप'मध्ये फोटोतला खून शोधणारा तरुण तेच होते. आणि आरशातला तो चेहरा आहे क्लारा कालामाई यांचा, व्हिस्कोंतींच्या १९४३च्या 'ओस्सेसिओने'ची नायिका. एके काळची तारका इथे विसरलेल्या अभिनेत्रीच्या भूमिकेत आहे. चौक तुरीनचा आहे, त्याच्या कडेचा बार एडवर्ड हॉपर यांच्या 'नाइटहॉक्स' या चित्रावरून बेतलेला आहे, गॉब्लिन या रॉक वाद्यवृंदाचं संगीत नाडीसारखं ठोके देत राहतं, आणि खुन्याचे काळे हातमोजे घातलेले हात खुद्द आर्जेन्तोंचे आहेत.

चांगला जाल्लो 'कोणी केलं' यापेक्षा 'मी पाहिलं ते काय होतं' या प्रश्नाने खिळवून ठेवतो. होम्स किंवा प्वारो डोकं लढवतात आणि आपण त्यांच्या मागे चालतो. इथला नायक डोकं लढवण्याच्या कामी बेताचाच. त्याच्याजवळ असते ती एक सदोष आठवण, आणि ती दुरुस्त करण्याची तडफड आपल्यालाही लागते. ही या चित्रप्रकाराने रहस्यकथेत घातलेली खरी भर आहे.

आता त्रुटी. पहिली आणि सगळ्यांना दिसणारी म्हणजे कथानकाची कमजोरी. आर्जेन्तोंच्याच 'फोर फ्लाइज ऑन ग्रे व्हेल्वेट'मध्ये मृताच्या डोळ्याच्या पडद्यावर उमटलेलं शेवटचं दृश्य फोटो काढून वाचलं जातं. 'द कॅट ओ' नाइन टेल्स'चा डोलारा उभा आहे तो एक जादा वाय गुणसूत्र माणसाला हिंसक बनवतं या समजुतीवर. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षा-रुग्णालयातल्या अभ्यासातून ती पसरली आणि पुढच्या संशोधनात कोलमडली. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे ताजं विज्ञान वाटलं असेल. पण आज ज्यांच्या शरीरात खरोखर असं गुणसूत्र आहे त्यांच्यासाठी तो कलंक आहे. मनोविकाराच्या बाबतीतही तेच. शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी मानसतज्ज्ञ येतो, लहानपणचा किंवा तरुणपणचा एक आघात सांगतो आणि वेड म्हणजेच खून असं समीकरण मांडून मोकळा होतो. समलिंगी पात्रं तर बहुतेकदा चकव्यासाठी, प्रेक्षकाचा संशय भलतीकडे वळवायला, ठेवलेली.

कथानकाच्या विस्कळीतपणामागे मात्र एक व्यावहारिक कारण आहे आणि ते जाणून घेतलं की राग थोडा निवळतो. मिकेल कोव्हेन या अभ्यासकाने 'ला दोल्चे मोर्ते' (२००६) या पुस्तकात ते नीट उलगडलं आहे. इटलीत चित्रपट आधी मोठ्या शहरांतल्या महागड्या थिएटरांत लागे, मग दुय्यम थिएटरांत, आणि शेवटी गावोगावच्या स्वस्त तिसऱ्या फळीच्या थिएटरांत. तिथला प्रेक्षक रोज संध्याकाळी यायचा, खेळ सुरू झाल्यावर यायचा, मित्रांशी गप्पा मारायचा, मध्येच उठून जायचा. टुरिंग टॉकीजचा तंबू पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. अशा प्रेक्षकाचं डोकं ठरावीक अंतराने पडद्याकडे वळवायचं तर मध्ये ढिली संभाषणं चालतात. दहा-पंधरा मिनिटांनी एक झगझगीत प्रसंग मात्र हवाच. आज घरी एकट्याने, सलग, शांतपणे हे चित्रपट बघणाऱ्याला मधलं रेंगाळणं जाणवतं ती म्हणूनच.

आवाजांचंही तसंच. ओठ आणि शब्द जुळत नाहीत अशी तक्रार नवा प्रेक्षक हमखास करतो. हे चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी आवाज न टिपता केले जात. नट आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर इटालियन, इंग्रजी, जर्मन आवृत्त्यांसाठी वेगळे आवाज भरले जात. त्यामुळे 'मूळ आवाज' शोधण्यात अर्थ नाही.

यशाचं अनुकरण मग बेसुमार झालं. १९७१ आणि १९७२ या दोन वर्षांत असे चित्रपट डझनांनी निघाले. नावात एखादा प्राणी हवाच. पाल, विंचू, कोळी, काहीही. सेर्जो मार्तिनो, पटकथाकार एर्नेस्तो गास्ताल्दी आणि अभिनेत्री एद्विज फेनेक यांनी 'द स्ट्रेंज व्हाइस ऑफ मिसेस वॉर्ड'सारखे काही देखणे, खिळवून ठेवणारे चित्रपट दिले. विमानतळ, काचेच्या इमारती, टेबलावर व्हिस्कीची ठरावीक बाटली: इटलीत नव्याने आलेल्या सुबत्तेचा सगळा थाट आणि त्याखालचा धास्तावलेपणा त्यांत उतरला आहे. बाकीचा मोठा ढीग विसरण्याजोगाच. बावांच्या १९७१च्या 'अ बे ऑफ ब्लड'मधल्या खुनांच्या पद्धती मात्र अमेरिकन स्लॅशरपटांनी उचलल्या. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात तर त्यांची जवळजवळ नक्कल आहे. ती हकिगत पुढच्या लेखांकात.

सगळ्यात जड त्रुटी स्त्रियांच्या बाबतीतली. पुरुषाचा खून बऱ्याचदा झटपट उरकतो. बाईचा खून लांबतो, प्रकाशाने न्हातो, कपडे फाटतात, संगीत गोड होतं. मोरिकोने यांनी एद्दा देल्लोर्सो यांच्या शब्दहीन गळ्यातून काढलेली अंगाईसारखी सुरावट अप्रतिम आहे, आणि ती कशासाठी वापरली आहे हे ध्यानात आलं की घशात आवंढा येतो. स्त्रीद्वेषाचा हा आरोप आर्जेन्तोंच्या कानावर होता. 'टेनेब्रे' (१९८२) मध्ये त्यांनी तो एका स्त्री पत्रकाराच्या तोंडी घातला. ती रहस्यकथालेखक नायकाला तोंडावर विचारते की तुझ्या पुस्तकांत बायकांचा एवढा द्वेष का. प्रश्न रास्त आहे आणि पडद्यावर तो विचारला जातो याचं कौतुक वाटतं. पण त्यानंतर काय होतं? कॅमेरा एका लांबलचक क्रेनवरून त्याच बाईच्या घराभोवती फिरतो. भिंत चढतो, कौलांवरून जातो, खिडक्यांशी थबकतो, अडीच मिनिटांच्या आसपास एकही तुकडा न पाडता. तंत्र म्हणून ते दृश्य अभ्यासक्रमात लावावं असं आहे. आणि त्याच्या शेवटी ती पत्रकार आणि तिची जोडीदारीण मारल्या जातात. प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. विचारणारीच संपवली जाते. हा निव्वळ निष्काळजीपणा मानता येत नाही. पाहण्याच्या ज्या हव्यासाने 'डीप रेड'चा आरसा दिला, त्याच हव्यासाला समोरच्या माणसाचा विसर पडला आहे.

तो विसर सगळ्यांनाच पडला असं मात्र नाही. लुचिओ फुल्ची यांचा 'डोन्ट टॉर्चर अ डकलिंग' (१९७२) रोम-मिलानचा झगमगाट सोडून दक्षिणेतल्या एका गरीब डोंगरी गावात जातो. गावातल्या लहान मुलांचे खून होताहेत आणि संशय चेटकीण समजल्या जाणाऱ्या एका बाईवर आहे. ही भूमिका ब्राझिलियन अभिनेत्री फ्लोरिंदा बोल्कान यांनी केली आहे. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. गावातले पुरुष तिला स्मशानात गाठतात आणि साखळ्यांनी मारतात. जवळच रेडिओवर ओर्नेल्ला व्हानोनी यांचं हळुवार प्रेमगीत लागलेलं असतं. इथे एकही घाव देखणा नाही. मारणारे निघून जातात. ती रक्ताने माखलेली, हातांवर रेटत डोंगराचा चढ चढते आणि वर नव्याने झालेल्या महामार्गाच्या कडेला येऊन पडते. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या येतात आणि जातात. काचा वर केलेल्या. ती हात पुढे करते. एकही गाडी थांबत नाही.