समजून घ्या: साधी सर्दी दम्याच्या रुग्णांच्या छातीत का उतरते?

जूनमध्ये शाळा आणि पाऊस जवळपास एकदमच सुरू होतात. मग गोरेगावातल्या वर्गांपासून लोकलच्या डब्यांपर्यंत सगळीकडे शिंका ऐकू येऊ लागतात. बहुतेकांची सर्दी आठवड्याभरात बरी होते. पण त्याच घरात दमा असलेलं मूल असेल, तर दोन-तीन दिवसांत त्याला धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. विषाणू एकच, मग परिणाम वेगळा का?

दोषी कोण?

सर्दीचं सर्वात मोठं कारण म्हणजे रायनोव्हायरस. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणूनच त्यावर अजून लस नाही. इंग्लंडमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दम्याचा त्रास वाढल्याच्या सुमारे ८० टक्के प्रसंगांत मुलांमध्ये विषाणू सापडले आणि त्यात रायनोव्हायरस सर्वाधिक होता.

पेशी काय करतात?

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना विषाणूची लागण आधी होते. विषाणू शिरल्याचं कळताच पेशी 'इंटरफेरॉन' नावाची प्रथिनं सोडते. शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होतात आणि विषाणूची वाढ रोखली जाते.

साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दम्याच्या रुग्णांच्या पेशींना प्रयोगशाळेत रायनोव्हायरसची लागण केली. या पेशींनी इंटरफेरॉन कमी तयार केलं आणि विषाणू जास्त वाढला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक दिसला नाही. दम्याचा प्रकार, ॲलर्जी आणि आधीपासूनची सूज यांवर तो अवलंबून असावा, असं मानलं जातं.

दुसरीकडे, लागण झालेल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ सारखे धोक्याचे संदेशही सोडतात. ॲलर्जीच्या दम्यात ही यंत्रणा आधीच तापलेली असते. त्यामुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज आणि कफ वाढतो, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणजे दम लागतो तो फक्त विषाणूमुळे नाही, तर शरीराच्या चुकीच्या दिशेने गेलेल्या प्रतिसादामुळेही.

हवेचा काय संबंध?

गोरेगावच्या एका बाजूला एस. व्ही. रोड, दुसऱ्या बाजूला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. वाहनांच्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. दमा असलेल्या ब्रिटिश मुलांवरच्या २००३ च्या अभ्यासात, सर्दीच्या आधी हा वायू जास्त प्रमाणात श्वासात गेलेल्या मुलांना सर्दीनंतर दम्याचा त्रास अधिक झाल्याचं दिसलं.

मग करायचं काय?

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. उपयोगी पडतो तो डॉक्टरांनी दिलेला रोजचा स्टेरॉइड इन्हेलर. तो अस्तराची सूज आधीच आटोक्यात ठेवतो. 'पंपाची सवय लागते' या भीतीने, किंवा बरं वाटतंय म्हणून, तो मनाने बंद केला तर पुढची सर्दी सुजलेल्याच नलिकेत शिरते. फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असं 'जिना' ही दम्यावरची जागतिक संस्था प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी २०१९ पासून सांगते आहे.

सर्दी झाल्यावर औषध कसं वाढवायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. पंप घेऊनही दम कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णालय गाठावं.