मनगटाचे हाड मोडले : प्लेट बसवावी की प्लास्टर पुरेल?

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक दृश्य हमखास दिसते. सुजलेले मनगट दुसऱ्या हाताने छातीशी धरून बसलेल्या आजी आणि शेजारी गोंधळलेली सून किंवा मुलगा. ओल्या अंगणात वा न्हाणीघरात पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात पुढे जातो आणि साऱ्या शरीराचा भार तळव्यावर येतो. दुसऱ्या दिवशी तीच सून एक्स-रेचे पाकीट घेऊन परत येते आणि विचारते, “डॉक्टर, हाडांचे डॉक्टर म्हणतात प्लेट बसवावी लागेल. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. खरंच गरज आहे का?”

मी शस्त्रक्रिया करणारा नव्हे. आपल्या घराजवळचा साधा फॅमिली डॉक्टर आहे. तरीही हा प्रश्न सर्वप्रथम माझ्यासारख्यापुढेच येतो. त्याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र निर्णय घेताना नेमके काय पाहायचे आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे सांगता येते.

मोडते ते हाड

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस, करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. रेडियसचे मनगटाकडील टोक रुंद असून आतून जाळीदार असते. वाढत्या वयात, विशेषतः पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये, ही जाळी विरळ होते आणि उभ्या उभ्या पडण्याचे निमित्तही पुरते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये. म्हणजे त्यांनी केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी हे हाड ओळखले होते. मनगटाचा वाकडेपणा राहिला तरी कालांतराने हात दुखेनासा होतो आणि पुन्हा कामाला लागतो, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले होते. ते आपण लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

‘अस्थिर’ म्हणजे काय?

सरकलेले हाड भूल देऊन जागेवर बसवता येते. खरा प्रश्न ते जागेवर टिकेल का, हा आहे. तज्ज्ञ काही खुणा पाहतात : हाडाचे टोक मागे वीस अंशांहून अधिक कललेले असणे, मागच्या बाजूला हाडाचा चुरा झालेला असणे, भेग सांध्याच्या आत गेलेली असणे, शेजारचे अल्नाही मोडलेले असणे आणि रुग्णाचे वय साठीपुढे असणे. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा असतील तर प्लास्टरच्या आतही हाड घसरण्याची शक्यता मोठी असते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे हाड उत्तम बसवले गेले होते. प्लास्टरनंतरचा एक्स-रे पाहून मी समाधानाने म्हणालो, “आता सहा आठवड्यांनी भेटा.” त्या सहा आठवड्यांनीच आल्या. प्लास्टर निघाले तेव्हा मनगट काट्याच्या चमच्यासारखे वाकलेले होते. पहिल्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला एक्स-रे काढून पाहिला असता, तर घसरण वेळीच कळली असती आणि पर्याय हाती राहिले असते. त्या बाईंनी मला बोल लावला नाही. पण कात्री धरताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी कळ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पुढच्या एक्स-रेची तारीख मी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून देतो.

प्लेट कशी काम करते?

तळहाताच्या बाजूने मनगटावर छेद घेतात, स्नायू व शिरा जपून बाजूला करतात, तुकडे जुळवतात आणि त्यांवर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची धातूची पट्टी स्क्रूंनी बसवतात. या स्क्रूंची डोकी प्लेटच्या आट्यांत घट्ट बसतात. त्यामुळे पोकळ झालेल्या हाडातही पकड टिकते. बहुधा केवळ हातच बधिर करून हे काम होते. मोठा लाभ असा की मनगटाची हालचाल आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू करता येते. प्लास्टरमध्ये त्यासाठी पाच ते सहा आठवडे थांबावे लागते. प्लेटचा त्रास नसेल तर ती सहसा काढावी लागत नाही.

वर्षभरानंतर काय दिसते?

ऑस्ट्रियात पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या ७३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला प्लेट, दुसऱ्याला प्लास्टर. प्लेटवाल्यांचे एक्स-रे अधिक सरळ होते, मुठीतला जोरही अधिक होता. परंतु वर्षाअखेरीस वेदना, हालचाल आणि रोजची कामे यांत दोन्ही गट सारखेच होते. गुंतागुंत मात्र प्लेटच्या गटात जास्त आढळली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील साठीपुढील रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासातही वर्षभरानंतर रुग्णांना जाणवेल असा फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये ४६१ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) प्लेट आणि साध्या तारा यांचे वर्षाअखेरचे निकाल सारखेच आले. तिथल्याच २०२२ च्या अभ्यासात तारा आणि केवळ प्लास्टर यांची तुलना झाली. निकाल पुन्हा जवळजवळ सारखे, पण प्लास्टरच्या गटातील सुमारे आठांपैकी एकाचे हाड घसरून नंतर शस्त्रक्रिया करावी लागली.

कॉलिस यांचे दोनशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण येथे आठवते. उतारवयात एक्स-रेमधील वाकडेपणा आणि हाताचे काम यांचे नाते आपल्याला वाटते तितके घट्ट नाही.

मग प्लेट कोणासाठी?

अभ्यास सरासरी सांगतात; आपल्यासमोर मात्र एक माणूस असतो. सांध्याचा पृष्ठभागच दुभंगून त्यात पायरी पडली असेल, हाडाचे टोक तळहाताच्या बाजूला सरकले असेल, जखमेतून हाड बाहेर आले असेल किंवा बसवलेले हाड पुन्हा पुन्हा घसरत असेल, तर शस्त्रक्रियेची बाजू भक्कम होते. जखम उघडी असेल वा अंगठा, तर्जनी व मध्यमा यांचा बधिरपणा वाढत चालला असेल, तर थांबण्यास वेळच नसतो.

यापलीकडे आयुष्याची घडी पाहावी लागते. पहिल्या काही महिन्यांत प्लेटवाले रुग्ण सहसा लवकर कामाला लागतात. माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. कुकरचे झाकण लावण्यापासून सर्व कामे स्वतःच करतात. त्यांच्यासाठी ते दोन महिने मोलाचे होते. त्यांनी प्लेट स्वीकारली आणि तो निर्णय योग्य ठरला. याउलट, हृदयविकार असलेल्या ऐंशीच्या एका आजींनी प्लास्टरच निवडले. त्यांचे मनगट किंचित वाकडे आहे, सोन्याची पाटली आता त्या हातात चढत नाही. पण पोळ्या लाटतात आणि नातवाचे कान पिळतात. त्यांचाही निर्णय योग्यच होता. काठी वा वॉकरवर भार टाकून चालणाऱ्यांनी ही गोष्ट शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगावी.

प्लेटचे धोकेही जाणून घ्यावेत. स्क्रू लांब राहिला किंवा प्लेट पुढे आली तर स्नायुबंध घासून तुटू शकतो. जंतुसंसर्ग, मज्जातंतूवर दाब, बोटांचा आखडलेपणा हेही संभवतात. आखडलेपणा आणि दीर्घकाळ रेंगाळणारी वेदना प्लास्टरनंतरही येऊ शकते. कोणत्याही उपचारानंतर अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला, तर लगेच दाखवावे.

घरच्यांनी काय करावे?

पडल्याबरोबर त्या हातातील अंगठ्या आणि बांगड्या उतरवाव्यात. अनेक आजी बांगडी फोडू देत नाहीत, सून संकोचते आणि सूज चढते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने पुढे होऊन समजूत घालावी. तेल लावून चोळणे, ओढून ‘बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे.

प्लास्टर असो वा प्लेट, पहिले काही दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. बोटे पूर्ण मिटणे व उघडणे, कोपर आणि खांदा हलवणे हे पहिल्याच दिवसापासून, जागेपणी दर तासाला करावे. हात दिवसभर झोळीत अडकवून ठेवला की बोटे आणि खांदा आखडतात. प्लेट हाड धरून ठेवते. हालचाल आपणच मिळवायची असते. वेदना वाढत चालली, बोटे निळी, थंड वा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा.

आणि हाड जुळल्यावर प्रकरण मिटले असे समजू नये. मनगटाचे हे मोडणे पुष्कळदा हाडांच्या ठिसूळपणाची पहिली हाक असते. पुढची हाक खुब्याच्या हाडाची असू शकते. डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि गरज असल्यास हाडे बळकट करणारी औषधे यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. नजर तपासावी, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार करून घ्यावा, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी.

त्या सुनेला मी काय सांगतो? एक्स-रे पाकिटात ठेवतो आणि आजींकडे वळून विचारतो, “आजी, या हातानं तुम्हाला काय काय करायचंय?” त्या जे सांगतात ते चिठ्ठीवर लिहून शल्यचिकित्सकांकडे पाठवतो. हाड कसे मोडले हे एक्स-रे सांगतो. हात कशासाठी हवा आहे, हे मात्र आजींनाच विचारावे लागते.