कार्ड की काडतूस?

अमेरिकेत मुलीकडे जाणाऱ्या आईबापांची दिनचर्या आता घरोघरी ठाऊक झाली आहे. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, परत येऊन चहा करायचा आणि खिडकीतून निर्मनुष्य रस्ता बघत बसायचे! 2022 च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या एका उपनगरात मी हेच करीत होतो. तिथे शेजारच्या आजोबांची ओळख झाली. उभे आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलेले, पंच्याहत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली.

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. सोमवारी तर कित्येक शाळांना सुट्टी असते, आपल्याकडे जत्रेला असावी तशी. ‘तुम्ही जाणार ना?’ मी सहज विचारले. उत्तरादाखल त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून दाखवले. औषधी गांजाचे सरकारमान्य कार्ड.

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे ते अफूजन्य गोळ्यांवर होते. दिवस दिवस गुंगीत जायचे. राज्याने 2016 मध्ये औषधी गांजाचा कायदा केला. त्यानंतर डॉक्टरांच्या दाखल्यावर त्यांना कार्ड मिळाले, जिभेखाली थेंब सुरू झाले आणि गोळ्या सुटल्या. मात्र वडिलांची रायफल घरातून गेली. ‘गोळ्यांनी झिंगत होतो तेव्हा बंदूक चालत होती,’ ते म्हणाले, ‘आता शुद्धीवर आहे, तर चालत नाही.’

मला हे खरे वाटेना. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे मी शस्त्राला हात लावलेला नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीचा परवाना मागावा लागतो, कारण सांगावे लागते. तिकडे 1791 च्या घटनादुरुस्तीने तो नागरिकाचा हक्कच ठरलेला. (गांजाची गोष्ट उलटी. महाशिवरात्रीला भांग घोटणारे आपण! आपल्या 1985 च्या कायद्याने गांजाला बंदी केली, पण पानांना, म्हणजे भांगेला, त्यातून वगळले.)

गोम अशी आहे की गांजाला राज्याने औषध म्हटले तरी वॉशिंग्टनने म्हटले नव्हते. 1970 च्या केंद्रीय कायद्याने त्याला हेरॉइनच्या पंगतीला बसवले. त्याआधीच, 1968 मध्ये, अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणाऱ्याने बंदूक बाळगू नये असा कायदा झाला होता. दुकानात बंदूक घेताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात हा प्रश्न असतो, आणि 2016 पासून त्याखाली ठळक इशारा आला, की तुमच्या राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या लेखी गांजा बेकायदाच. दारूबद्दल त्या फॉर्मवर अक्षरही नाही.

नेवाडातल्या एका बाईंचा खटला यावर गाजला. 2011 मध्ये त्या बंदूक घ्यायला गेल्या. दुकानदार ओळखीचा. बाईंकडे कार्ड आहे हे त्याला ठाऊक होते. बाईंनी तो प्रश्न कोराच सोडला, तरी त्याने बंदूक दिली नाही. नुकतेच केंद्रीय खात्याचे पत्र आले होते, की कार्डधारकाला शस्त्र विकू नये. आपण गांजा घेतच नाही, नुसते कार्ड आहे, असे बाईंचे म्हणणे. 2016 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. वर सुचवले, की कार्ड परत केले तर बंदूक घेता येईल. आणि कार्ड काढण्याआधीच बंदुका घेऊन ठेवल्या असत्या तर त्या पत्राची आडकाठी आली नसती!

नशेत असलेल्याच्या हाती बंदूक नको, याबद्दल दुमत नसावे. ज्या देशात शाळेत गोळीबार होतात तिथे तर नकोच. माझा नातू त्याच देशात शाळेत जातो. पण इथे कायदा माणूस शुद्धीत आहे का हे बघत नाही, कार्ड बघतो. गल्लीतून गुपचूप पुडी घेणारा ‘नाही’वर खूण करून बाहेर पडतो. खोटे लिहिणे गुन्हा आहे, हे खरे. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचे चिरंजीव त्याच फॉर्मवर व्यसनाबद्दल खोटे लिहिल्यावरून दोषी ठरले, नि डिसेंबरात वडिलांनी त्यांना माफी दिली. पण आमच्या आजोबांसारखा सरळमार्गी माणूस आपल्या पायांनी यादीत जाऊन बसतो, हे मला खटकते.

पुढे वारे थोडे फिरले. जानेवारी 2024 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच वॉरेन काउंटीच्या सरकारी वकिलांनी, स्वतः कार्डधारक म्हणून, केंद्राविरुद्ध दावा लावला. लोकांवर खटले भरणारा माणूसच फिर्यादी! त्याच वर्षी टेक्सासमधल्या एका महिलेच्या खटल्यात अपील न्यायालय म्हणाले, की पूर्वी कधी सेवन केले एवढ्यावरून शुद्धीतल्या माणसाचे शस्त्र काढून घेता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये फ्लोरिडातल्या रुग्णांचा फेटाळलेला दावा पुन्हा जिवंत झाला, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गांजा घेणाऱ्या टेक्सासच्याच एका माणसाचे प्रकरण सुनावणीस घेतले. मुलगी फोनवर सांगते, आजोबा ही कात्रणे जपून ठेवतात.

त्या शनिवारी मात्र यातले काही नव्हते. पहाटे त्यांचा मुलगा ट्रक घेऊन आला. मागच्या बाजूला, कापडात गुंडाळलेली, आजोबांच्या वडिलांची रायफल होती. आजोबा नारिंगी टोपी घालून बाहेर आले. त्यांनी मुलाच्या हाती कॉफीचा थर्मास दिला, वारा कुठून वाहतो आहे ते हात वर करून सांगितले, आणि ट्रकपासून चार पावले मागे सरकून उभे राहिले.