झोप येत नाही? आधी श्वासाकडे लक्ष द्या

गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की बोलणं तब्येतीवर येतं. "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही," हे आम्ही गावोगाव ऐकतो. मग कोणीतरी सांगतं, "मेडिकलमधून गोळी आण." त्या गोळीच्या आधी काय पाहायचं, ते आज सांगणार आहोत.

काही जणींना दोन दुखणी एकत्र असतात. एक म्हणजे निद्रानाश. दुसरं म्हणजे झोपेत श्वास अडकणं, ज्याला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते आणि श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबतो. मग शरीर दचकून जागं होतं. हे रात्रीत कितीतरी वेळा होतं, पण सकाळी काही आठवत नाही. डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, दिवसभर थकवा राहतो. बाई जोरात घोरत नसली तरी हा आजार असू शकतो. म्हणून घरचे "टेन्शन आहे" म्हणून सोडून देतात. पाळी गेल्यावर याचा धोका वाढतो.

अशा वेळी झोपेच्या काही गोळ्यांनी श्वास आणखी अडकू शकतो. दारूनेही तेच होतं. म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नका.

या आजारावर नाकाला मास्क लावून हवा देणारं सीपॅप मशीन असतं. पण जिला झोपच येत नाही, ती मास्क लावून तळमळते आणि काढून ठेवते. म्हणून निद्रानाशावरही उपचार हवेत. त्यासाठी समुपदेशनाची एक पद्धत आहे, सीबीटी-आय. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ज्यांना हा उपचार आधी मिळाला, त्यांनी मशीन जास्त वेळ वापरलं.

त्यातल्या सोप्या गोष्टी अशा:

• उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी.
• डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जा.
• बराच वेळ झोप लागली नाही तर उठून शांत बसा, झोप आली की परत या.
• अंथरुणात मोबाइल नको, उद्याच्या हिशोबाची काळजीही नको.

अंथरुणातला वेळ कमी करण्याचाही एक भाग यात असतो. तो मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. दिवसा पेंग आली तर गाडीवर, विहिरीवर, चुलीजवळ धोका असतो.

दुसरा आधार व्यायामाचा. "शेतात राबतोच की!" असं तुम्ही म्हणाल. ते कष्ट खरेच. पण काम नसलेल्या दिवसांतही आठवड्यातून 5 दिवस, 30 मिनिटं, दम जरा वाढेल असं भरभर चाला. वजन फारसं उतरलं नाही तरी श्वास अडकणं कमी होऊ शकतं, झोपही सुधारते. मात्र व्यायाम मशीनची जागा घेत नाही.

पुढच्या बैठकीआधी एक करा. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, "मी घोरते का? मध्येच श्वास थांबतो का? गुदमरून उठते का?" उत्तर हो आलं, तर आरोग्य केंद्रात तसंच सांगा आणि झोपेची तपासणी कुठे होते ते विचारा. मनावर ताण असेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

घरातल्या सगळ्यांच्या झोपेची काळजी आपण घेतो. त्यात आपलीही धरूया.