बिघाड एका तबकडीत, विमान समुद्रात

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. इंजिनं चालू होती, पंख शाबूत होते. बिघडली होती कॅप्टनसमोरची एक तबकडी, विमान क्षितिजाच्या मानाने किती कललं आहे ते दाखवणारी. किनारा ओलांडल्यावर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं, तबकडी मात्र उजवीकडे कललेलीच राहिली. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, मधली रेघ कुठेच नाही. कॅप्टनने समोर दिसतंय ते खरं धरलं आणि नसलेला कल काढण्यासाठी विमान डावीकडे झुकवत नेलं, ते पार नव्वद अंशांच्या पलीकडे. त्याच कॉकपिटमध्ये त्याच कामाच्या आणखी दोन तबकड्या होत्या, एक सहवैमानिकासमोर आणि एक मधोमध, राखीव. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला ही तफावत दिसली. 'त्या तबकडीवर जाऊ नका' अशा अर्थाचे त्याचे शब्द ध्वनिमुद्रणात आहेत, पण तोवर सावरण्याइतकी उंचीही उरली नव्हती आणि वेळही.

विमानातल्या बिघाडाच्या बातम्या आपण बहुधा यंत्राच्या बातम्या म्हणून वाचतो. कुठला भाग तुटला, तो कुणी बनवला, देखभाल कुणाकडे होती, हे प्रश्न रास्तच आहेत. पण मोठ्या अपघातांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की वेगळंच चित्र दिसू लागतं. यंत्र बिघडतं तेव्हा पहिली फाटाफूट होते ती माहितीची. खरं काय ते विमानात कुणाला तरी दिसत असतं, आणि निर्णय भलत्याच्याच हातात असतो. या दोघांना जोडणारी तार म्हणजे बोलणं. ही तार माणसांच्या स्वभावावर आणि सौजन्यावर सोडून देता येत नाही. हायड्रॉलिक्सची जशी रचना करतात, चाचणी घेतात, ठरावीक काळाने तपासणी करतात, तशीच ती या यंत्रणेचीही करावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

हे शहाणपण सुचायला विमान वाहतुकीला बराच काळ लागला. वांद्र्याच्या अपघाताने सुरू झालेल्या त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान इंधन संपून पडलं. उतरण्याआधी चाकं खाली घेताना मोठा धक्का बसला आणि चाकं पक्की बसल्याचे सगळे हिरवे दिवे लागले नाहीत. कॅप्टनने विमान विमानतळाजवळ घिरट्या घालत ठेवलं आणि जवळजवळ तासभर चाकांचा प्रश्न, प्रवाशांची तयारी, आपत्कालीन उतरणं यांत तो गुंतून राहिला. इंधनाचे आकडे फ्लाइट इंजिनिअरसमोर होते. आणखी पंधरा मिनिटं म्हणजे इंधन फारच खाली जाईल, असं तो म्हणालाही. पण हे वाक्य बाकीच्या बोलण्यात विरून गेलं. ते कॅप्टनच्या निर्णयापर्यंत पोचलंय की नाही याची खातरजमा कुणी केली नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि १८९ पैकी १० जण मृत्युमुखी पडले, त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. चाकं खरं तर व्यवस्थित खाली येऊन पक्की बसली होती. अमेरिकेच्या तपास मंडळाने, एनटीएसबीने, कॅप्टनवर ठपका ठेवलाच, पण इतर दोघांना आपली काळजी परिणामकारकपणे पोचवता आली नाही, हेही कारणांत नोंदवलं. पुढच्याच वर्षी 'नासा'ने या विषयावर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी जे प्रशिक्षण सुरू केलं, ते आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम, या नावाने जगभर सक्तीचं आहे.

माहिती अडकते ती फक्त कॉकपिटच्या आत, असंही नाही. ८ जानेवारी १९८९ ला हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनातलं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, धूर आला. कुठलं इंजिन, असं कॅप्टनने विचारलं. सहवैमानिकाच्या तोंडून आधी 'डावं'ची सुरुवात बाहेर पडली, मग ती मोडून तो 'उजवं' म्हणाला. कॅप्टनने ते मंद करायला सांगितलं. योगायोग असा की, त्याच वेळी ऑटोथ्रॉटल सुटल्यामुळे डाव्या इंजिनाचा जोरही उतरला आणि थरथर कमी झाली. आपला इलाज लागू पडला, असं दोघांना वाटलं आणि काही वेळाने चांगलं इंजिन पूर्ण बंद केलं गेलं. कॅप्टनने प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून उजव्या इंजिनात अडचण आल्याचं सांगितलं. मागच्या बाजूच्या कित्येक प्रवाशांनी आणि केबिनमधल्या तिघा कर्मचाऱ्यांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण ती विसंगती कुणीही पुढे जाऊन सांगितली नाही. वैमानिकांना कळत असेलच, हा सगळ्यांचा समज. मध्येच कॅप्टनने घडलेल्या गोष्टींची उजळणी सुरू केली होती, तीही रेडिओवरच्या संदेशाने तुटली. धावपट्टी समोर दिसत असताना डावं इंजिनही गेलं आणि केगवर्थ गावाजवळ एम-१ महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. या अपघातात यंत्राने केलेली चूक एका पात्यापुरती होती. ती कळण्याची साधनं विमानात डझनावारी होती, आणि त्यांतली बरीचशी तिकीट काढून बसली होती.

अपघातांच्या कथा निवडून काहीही सिद्ध करता येतं, असं कुणी म्हणेल. विमान पडलं की ध्वनिमुद्रण उघडलं जातं. सुखरूप उतरलं की कोण काय म्हणालं ते कुणी ऐकत नाही. आक्षेप योग्य आहे, म्हणून आकडे पाहू. एनटीएसबीने १९९४ मध्ये १९७८ ते १९९० या काळातल्या ३७ मोठ्या अपघातांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. कॅप्टन आणि सहवैमानिक साधारण आळीपाळीने विमान उडवतात, पण या अपघातांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वेळा विमान कॅप्टनच्या हातात होतं. कॅप्टन काही सहवैमानिकापेक्षा वाईट उडवत नाही. अनुभव तर त्याचाच जास्त. फरक आहे तो लक्ष ठेवणाऱ्यात. सहवैमानिक चुकतो तेव्हा कॅप्टन सहज टोकतो. कॅप्टन चुकतो तेव्हा टोकायची जबाबदारी कनिष्ठावर येते आणि तो शब्द शोधत बसतो. या अपघातांची माहिती जिथे मिळाली, तिथे ७३ टक्के वेळा त्या जोडीचा एकत्र कामाचा तो पहिलाच दिवस होता.

दुसरा आक्षेप वैमानिकांच्या जुन्या पिढीचा, आणि सामान्य वाचकालाही तो पटण्यासारखा आहे. संकटात एकाचंच चालायला हवं. आग लागली असताना सभा कसली भरवता? वांद्र्याच्या विमानाकडे होते एकूण १०१ सेकंद. पण संवादाला वेळ लागतो हे गृहीतकच तपासून पाहायला हवं. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिनं निकामी केल्यावर हडसन नदीत उतरेपर्यंत कॅप्टन सलनबर्गर यांच्याकडे २०८ सेकंद होते. पाणी जवळ येत असताना त्यांनी सहवैमानिकाला विचारलं, काही सुचतंय का? उत्तर आलं, खरं तर नाही. एवढ्याला किती वेळ गेला? दोन-तीन सेकंद. आपल्या नजरेतून काही सुटलेलं नाही, हे त्यांनी तेवढ्यात तपासून घेतलं. नदीत उतरण्याचा निर्णय त्यांचाच राहिला. अधिकार आणि ऐकणं यांची सांगड घालता येते, हे याआधी आयोवातल्या सू सिटीलाही दिसलं होतं. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. म्हणजे विमान वळवायचं, उचलायचं, झुकवायचं एकही नेहमीचं साधन उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. एका इंजिनाचा जोर वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा, असं करत चौघांनी ते विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या कॉकपिटमध्ये मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण या प्रसंगाचा सराव एका मिनिटाचाही नव्हता, असं हेन्स पुढे सांगत. कॅप्टनच्या शब्दापुढे शब्द नाही, हा जुना खाक्या असता तर आपण वाचलो नसतो, असंही ते मानत.

तरीही नुसतं सगळ्यांनी बोलावं म्हणून भागत नाही. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर काही मिनिटांतच फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या तारा तोडल्या. कॉकपिटमध्ये त्या दिवशी योगायोगाने पाच वैमानिक होते, आणि पडद्यावर एकामागून एक चेकलिस्ट येत राहिल्या. त्या उरकायला सुमारे पन्नास मिनिटं गेली. पाच अनुभवी माणसं आणि यंत्राचा अखंड धोशा, गोंधळाला याहून सुपीक जमीन नाही. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी प्रश्नच फिरवला. काय काय बिघडलं याची यादी बाजूला ठेवून काय काय चालू आहे ते मोजायला घेतलं. ४६९ जण सुखरूप उतरले. म्हणजे ऐकणाऱ्या कॅप्टनला प्रश्न मांडताही आला पाहिजे. सीआरएमच्या वर्गात हा भाग, मला वाटतं, जरा कमीच शिकवला जातो.

तिसरा युक्तिवाद संस्कृतीचा, आणि तो आपल्याकडे फार आवडीने केला जातो. आपण वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाही, साहेबांना चूक दाखवत नाही, म्हणून आपल्या कॉकपिटमध्ये हे व्हायचंच. यात तथ्य नाही असं नाही. 'सर, इंधन जरा कमीच वाटतंय' आणि 'कॅप्टन, पंधरा मिनिटांत इंजिनं बंद पडतील' या दोन वाक्यांमधली दरी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण पोर्टलंडचे वैमानिक अमेरिकन होते, केगवर्थचे ब्रिटिश. सूचक बोलणं ही पूर्वेची मिरासदारी नाही. जिथे हुद्दा आहे तिथे ते आहे. आणि ते बदलतं, ठरवून बदलता येतं. म्हणून तर ठरीव शब्द आले. 'गो-अराउंड' म्हटलं की चर्चा नाही. उतरणं सोडायचं आणि विमान पुन्हा वर न्यायचं, मग ते कुणीही म्हटलेलं असो.

निदान नियम तसा आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान उतरत होतं, आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. बिघाड म्हणाल तर एवढाच. पहिला प्रयत्न सोडून विमान दुसऱ्या बाजूने, पाठीमागून वारा असताना, उतरवायला घेतलं गेलं. ते धावपट्टीच्या निम्म्यावर जाऊन टेकलं, आणि सहवैमानिकाने त्याआधी 'गो-अराउंड' म्हटलं होतं. टेबल-टॉप धावपट्टीच्या टोकावरून विमान खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. तपास अहवालाने कॅप्टनने तो पुकारा न पाळल्याचं नोंदवलंच, पण सहवैमानिकाने पुढे होऊन ताबा घेतला नाही, हेही नोंदवलं. शब्द उच्चारला गेला, त्यामागचा अधिकार मात्र उच्चारणाऱ्याला स्वतःचा वाटला नाही. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण यांतला फरक तो हाच.

राहिला तंत्रज्ञानाचा प्रश्न. विमानं जसजशी शहाणी होतील तसतशी माणसांच्या बोलण्याची गरज कमी होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पुढे-मागे कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवण्याचा विचारही उद्योगात मूळ धरून आहे. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए-३३० चे वेगमापक बर्फाने बंद झाले, ऑटोपायलट सुटला आणि विमान माणसांच्या हाती आलं. बर्फ मिनिटभरही टिकला नाही. पण कनिष्ठ वैमानिकाने स्टिक मागे ओढून धरली होती. जुन्या विमानात दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले असत, एकाने ओढलं की दुसऱ्याच्या हाताला कळे. इथे त्या दोन स्वतंत्र छोट्या स्टिक होत्या. आपण मघापासून ओढतोच आहोत, असं तो अखेरीस म्हणाला, तेव्हा शेजारच्याला काय चाललंय त्याचा उलगडा झाला. चार मिनिटांच्या थोडं वर, आणि २२८ माणसं. यंत्र सुधारलं आणि पूर्वी हाताला आपोआप कळणारी गोष्ट आता तोंडाने सांगणं भाग पडलं.

आज मोठ्या कंपन्यांमध्ये कुणी कुणाबरोबर उडायचं हे रोस्टरचं सॉफ्टवेअर ठरवतं. शेकडो-हजारो वैमानिकांच्या ताफ्यात आजचे दोघे कदाचित पहिल्यांदाच भेटत असतात, आणि ७३ टक्क्यांचा तो आकडा अशाच जोड्यांचा आहे. उड्डाणाआधी त्यांच्यात ब्रीफिंग होतं. हवामान, इंधन, धावपट्टी, इंजिन बंद पडलं तर काय, हे सगळं त्यात ठरल्याप्रमाणे म्हटलं जातं. 'माझं चुकतंय असं वाटलं तर लगेच सांग, आणि मी ऐकलं नाही तर ताबा घे', एवढं वाक्य कॅप्टनने त्यात मनापासून म्हटलं की नाही, हे कुठल्याही चेकलिस्टवर टिक करून तपासता येत नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र ते तपासता येतं: कॅप्टनला मुद्दाम चूक करायला सांगायची आणि सहवैमानिक किती सेकंदांत हात पुढे करतो ते मोजायचं.